सेकंडहँड ५ स्ट्रिंग बेस + १५ इंची अँप, ऑर्केस्ट्रासाठी घेऊ का?

घाटमाथा_ग्रूव्ह:

नमस्कार मंडळी, कराडचा आहे, गिटार बरीच वर्षं वाजवतोय आणि आता आमच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटारवर बसायचं ठरलंय. आत्तापर्यंत आमच्याकडे बेस म्हणजे कीबोर्डवाला डाव्या हाताने जे वाजवेल ते, पण यंदा गणपती-नवरात्राच्या सुपाऱ्या जरा मोठ्या आहेत आणि मालकांना स्टेजवर खरा बेस पाहिजे. घरी एका मित्राचा ४ स्ट्रिंग आणून प्रॅक्टिस चालू आहे, बोटं बसलीत.

आता मुद्दा. पुण्यातला एकजण यामाहा टीआरबीएक्स ३०५ (पाच तारांचा, अ‍ॅक्टिव्ह) विकतोय, सोबत १५ इंची स्पीकरचा एक जुना कॉम्बो अँप, मागे १०० वॉट लिहिलंय, कंपनीचं नाव मी कधी ऐकलेलं नाही. दोन्हीचे मिळून ३८ हजार म्हणतोय, वेगळं घेतलं तर बेस २६ आणि अँप १५. माझ्याकडे सगळं मिळून ४० आहेत, त्याच्या वर एक रुपया नाही. येत्या रविवारी बघायला जाणार आहे. गिटार घेताना काय बघायचं ते कळतं पण बेसमध्ये आणि खास करून अँपमध्ये काय बघायचं ते सांगा. १०० वॉट मैदानातल्या कार्यक्रमाला पुरतील का? आणि ५ तारा खरंच लागतात का का नुसती हौस?

खर्जवाला:

मित्रा, पहिलं म्हणजे दोन्ही एकत्र घ्यायच्या भानगडीत पडू नकोस, ३८ ला दोन्ही म्हणजे तो अँप तुझ्या गळ्यात मारतोय हे सरळ आहे. बेस वेगळा बघ, अँप वेगळा बघ, दोन वेगळे सौदे समज.

पाच तारांचं म्हणशील तर ऑर्केस्ट्रात लागतात, आणि का ते सांगतो. बँडमध्ये गाणं ठरलेल्या सुरात असतं, ऑर्केस्ट्रात गायक येतो आणि म्हणतो आज घसा बसलाय काळी दोनमधून (पेटीच्या दुसऱ्या काळी पट्टीवरून) घेऊ. ४ स्ट्रिंगवर सगळ्यात खालचा सूर पांढरी तीन, म्हणजे काळी दोनचा सा तुला खाली मिळतच नाही, ए तारेवर सहाव्या फ्रेटला जाऊन वरच्या सप्तकात वाजवावा लागतो आणि तिथे गाण्याचा सगळा भार निघून जातो. ५ स्ट्रिंगवर बी तारेचा (ही सगळ्यात जाड, पाचवी तार) चौथा फ्रेट दाबला की झालं. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, काळी दोन हे चारही खाली मिळतात. आणखी एक, आयत्या वेळी सूर बदलला तर मोकळ्या तारेवर अवलंबून न राहता हाताचा तोच आकार दोन फ्रेट इकडेतिकडे सरकवायचा, पाच तारांवर जागा जास्त मिळते. मी तर शिकणाऱ्या पोरांना ऑर्केस्ट्रात जायचं असेल तर सरळ पाचच घ्या म्हणतो.

आता नेक. बेसची नेक लांब असते, ३४ इंच स्केल, आणि पाच तारांचा ताण मोठा, त्यामुळे गिटारपेक्षा इथे नेकवरच सगळा खेळ आहे. बेस आधी सुरात लाव, विकणाऱ्याने तारा ढिल्या करून ठेवल्या असतील तर लावून दहा-पंधरा मिनिटं तसाच राहू दे मगच बघ. मग डाव्या हाताने पहिला फ्रेट दाब, उजव्या हाताने नेक जिथे बॉडीला मिळते तिथला फ्रेट दाब, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते बघ. एक व्हिजिटिंग कार्ड अलगद जाईल एवढी फट पाहिजे. अजिबात फट नाही म्हणजे नेक मागे गेलीय, दोन-तीन कार्डं जातात म्हणजे पुढे वाकलीय. वाकलेली असेल तर लगेच नाही म्हणायचं नाही, विकणाऱ्यालाच सांग ट्रस रॉड (नेकच्या आतली, नेक सरळ करायची सळई) पाव वळसा फिरवून दाखव. फिरला आणि फट बदलली तर काळजी नाही. रॉड आधीच शेवटपर्यंत आवळलेला आहे आणि तरी नेक वाकलेलीच आहे तर नमस्कार करून बाहेर पड, कितीही स्वस्त देत असला तरी.

नंतर प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजव, खरंच प्रत्येक, लाजू नकोस. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लगेच मरतो का बघ, बोल्ट-ऑन नेकच्या बऱ्याच बेसवर तिथे अशी मेलेली जागा असते आणि ती सेटअपने जात नाही. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि दाबलेला सूर ट्यूनरवर जुळतात का बघ, खास करून बी तारेवर. फ्रेटच्या कडा तळव्याला टोचतात का तेही बघ, आपल्याकडे घाटावर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत फिंगरबोर्डचं लाकूड आकसतं आणि फ्रेट बाहेर डोकावतात, ते घासून घेता येतं पण तेवढे पैसे कमी करून माग.

सोल्डर_आणि_शिसं:

वरच्या दादांनी लाकडाचं सांगितलं, मी तारांच्या पलीकडचं सांगतो, दुरुस्तीच करतो त्यामुळे रोज हेच बघतो.

बेस अ‍ॅक्टिव्ह आहे म्हणजे आत ९ व्होल्टची बॅटरी आहे. मागचं झाकण उघडायला लाव. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी पावडर दिसली तर बॅटरी गळलेली आहे, बाहेर नुसती क्लिप खराब असेल तर शंभर रुपयांचं काम पण रस आत प्रीअँपच्या बोर्डापर्यंत गेला असेल तर बोर्डच गेला. टॉर्च घेऊन जा. सगळे नॉब एकेक करून हळूहळू फिरव, खरखर आली आणि दहा वेळा फिरवल्यावर कमी झाली तर धूळ आहे, क्लीनर मारला की जाते, पण एखाद्या ठिकाणी आवाज पूर्णच जातो तर पॉट (नॉबखालचा भाग) बदलावा लागेल. केबल लावून जॅक बोटाने थोडा हलवून बघ, कडकड आली तर सॉकेट ढिला. बेस वाजवून झाला की केबल काढायची सवय आत्तापासून लाव, कारण केबल आत असेपर्यंत बॅटरी चालू असते, रात्रभर राहिली की दुसऱ्या दिवशी कार्यक्रमात आवाज फाटायला लागतो आणि ज्या बेसला पॅसिव्हचं बटण नाही तो मग पूर्ण गप्प होतो.

अँप. याचं फार बारकाईने बघ कारण "१०० वॉट" हे मागच्या स्टिकरवर कोणीही छापतं. आधी प्लग बघ, तिसरी पिन आहे ना? जुन्या अँपमध्ये हम येतो म्हणून कोणीतरी अर्थिंगची पिन काढून टाकलेली मी कितीतरी वेळा पाहिलीय, असा अँप मला फुकट दिला तरी आधी ती वायर जोडल्याशिवाय मी चालू करत नाही. मग व्होल्टेज, मागे २३०/२४० लिहिलंय का १२०. अमेरिकेहून कोणाच्या भावाने आणलेले अँप आपल्याकडे फिरतात, ते थेट बोर्डात लावले की संपले.

बंद असताना पुढची जाळी काढता येत असेल तर काढून स्पीकरच्या कोनवर (पुढच्या कागदी पडद्यावर) दोन्ही हातांची बोटं पसरून समान दाब देऊन हलकेच आत ढकल. सरसर घासल्याचा आवाज आला म्हणजे कॉइल घासतेय. नाक जवळ नेऊन वास घे, जळलेल्या वार्निशचा वास लपत नाही. मग चालू कर, काहीही न जोडता व्हॉल्यूम अर्ध्यावर नेऊन ऐक, थोडा हिस चालेल पण जाडा १०० हर्ट्झचा घूं आवाज येत असेल तर पॉवर सप्लायचे कपॅसिटर म्हातारे झालेत. शेवटी खालची ई आणि बी लांब धरून हळूहळू आवाज वाढव, कॅबिनेटचा पत्रा-लाकूड खडखडतं का स्पीकर फाटतोय ते वेगळं ओळखायला शिक, खडखड स्क्रू आवळून जाते, फाटलेला स्पीकर जात नाही. आणि हे सगळं त्याच्या घरी तो ओरडेल इतक्या आवाजात कर, कमी आवाजात प्रत्येक अँप चांगलाच वाजतो.

पणजी_लो_एंड:

मी थोडा उलट बोलतो हां, राग मानू नका. पाच तारांबद्दल खर्जवाला दादांचं पटतं पण अँपबद्दल आपण विचारच चुकीच्या टोकाने करतोय असं मला वाटतं.

बी तारेचा मूळ सूर ३१ हर्ट्झच्या आत आहे, ई चा ४१. साध्या १५ इंची कॉम्बोला ५० च्या खाली फारसं काही काढताच येत नाही, आपल्याला ऐकू येतं ते वरच्या हार्मोनिक्समुळे आणि कान बाकीचं भरून काढतात. म्हणजे पाच तारांचा बेस घेऊन सुमार अँपवर वाजवणार असशील तर ती पाचवी तार चिखलासारखी वाजेल आणि तू म्हणशील बेस खराब. वॉटचंही तसंच, वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, एवढा फरक तर नुसता जास्त सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर घेतला तरी मिळतो. म्हणून १०० का २०० यावर भांडण्यापेक्षा स्पीकर कुठला आणि पेटी कशी ते बघ.

आमच्याकडे गोव्यात लग्नं, रेस्टॉरंट, शॅक, तिथे साउंड म्हणजे स्टँडवरचे दोन टॉप आणि सबवूफर नाहीच. तिथे बेस त्यांच्यातून दिला की गायकाचा आवाज पण बिघडतो, म्हणून आम्हाला स्वतःचा अँप न्यावाच लागतो आणि लोकांना ऐकू जाणारा बेस तोच. मी बरीच वर्षं ३०-३५ किलोचं धूड उचललं, आता फेंडर रंबल ५०० आहे, दोन १० इंची, साडेसोळा किलोच्या आसपास वजन, आतल्या स्पीकरवर ३५० वॉट आणि बाहेर दुसरी पेटी जोडली की ५००. ते तुझ्या बजेटमध्ये नाही बसणार ते कळतं, पण रंबल १०० वापरलेला मिळाला तर दहा किलोचा डबा आहे, मागे एक्सएलआर आउट (मिक्सरला थेट लाइन द्यायची जागा) आहे, प्रॅक्टिस आणि छोट्या हॉलला बास. ढोलकी, ऑक्टोपॅड, ड्रम सगळं जोरात असलेल्या उघड्या मैदानात मात्र तो एकटा पुरणार नाही, ते आधीच सांगतो.

आणि एक विनंती, वस्तू घेण्याच्या नादात कान विसरू नको. आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवायचे, सत्तरच्या दशकातलं ते काम हेडफोनवर लावून ऐक, किती कमी सूर आणि कुठे मोकळी जागा सोडलीय. ऑर्केस्ट्रात तुला तीच गाणी वाजवायची आहेत.

कन्सोलमागे:

साउंड करते, मिक्सरमागे उभी असते, त्यामुळे माझी बाजू पण ऐका. गोव्याचं रेस्टॉरंट आणि आपल्याकडचा गणपतीचा कार्यक्रम यात मोठा फरक आहे. इथे मंडळाने साउंडवाला ठरवलेला असतो, दोन्हीकडे १८ इंची सबच्या थप्प्या असतात, लोकांना तुझा अँप ऐकूच येत नाही रे, तो फक्त तुझ्यासाठी आणि ड्रमरसाठी. म्हणून माझं स्पष्ट मत, तुझ्या ४० हजारात बेस घे, एक बरा डीआय (बेस अँपशिवाय थेट मिक्सरला जोडायची डबी) किंवा प्रीअँप-डीआय पेडल घे, चांगल्या केबल घे आणि अँप आत्ता घेऊच नको. बेहरिंगरचा बीडीआय २१ सारखं स्वस्त पेडलही चालतं, एक्सएलआर बाहेर पडतो, तो मला दे, तुझ्या मॉनिटरमध्ये तुला बेस देते. ज्या दिवशी साउंडवाला अर्धवट असेल त्या दिवशी कीबोर्डवाल्याच्या मॉनिटरजवळ उभा राहा.

अँप नेलासच तर दोन गोष्टी. प्लायवूडचं पोकळ स्टेज म्हणजे स्वतःच एक मोठा ढोल असतो, अँप थेट त्याच्यावर ठेवला की एखादाच सूर घुमत राहतो आणि मला खाली तो कापता कापता पूर्ण बेस कापावा लागतो. अँप प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेव, थोडा मागे कलता, म्हणजे आवाज तुझ्या गुडघ्याऐवजी कानाकडे येईल आणि तू आपोआप व्हॉल्यूम कमी ठेवशील. आणि अँपमधून लाइन देणार असशील तर डीआयचं बटण प्री वर (अँपच्या नॉबांच्या आधीचा आवाज) ठेव, नाहीतर तू तुझ्यासाठी बास वाढवतोस आणि मैदानात भूकंप होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, यासाठी लिहायला बसले. बेसच्या तारा ब्रिजमधून, केबलमधून थेट अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. तुझा अँप मंडपातल्या एका बोर्डावर आणि माझा मिक्सर जनरेटरच्या दुसऱ्या लाइनवर असेल आणि त्यातल्या एकाचं अर्थिंग नसेल, तर तुझा हात तारांवर आणि ओठ माइकच्या जाळीला लागताच तुझ्यातून करंट जाईल. पावसात ओल्या स्टेजवर हे जिवावर बेततं. कोरसला माइक घेणार असशील तर गाण्याआधी मल्टीमीटर एसीवर ठेवून एक टोक तारेला आणि एक माइकच्या जाळीला लाव, जवळपास शून्य दिसलं पाहिजे. दोन-चार व्होल्टच्या वर काही दिसलं तर माइकला हातही लावू नको, साउंडवाल्याला बोलाव. अँपची लाइन नेहमी साउंडच्याच बोर्डावरून मागून घे, आम्ही नाही म्हणत नाही. हम आला तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्ट दाब, त्याने फक्त सिग्नल केबलचा शील्ड सुटतो, मेनचं अर्थिंग शाबूत राहतं. प्लगची पिन तोडणं हा हमवरचा उपाय नाहीये, वरच्या सोल्डरवाल्या दादांनी लिहिलंय ते अगदी खरं.

सोल्डर_आणि_शिसं:

ताई, एकशे एक टक्के. जोडीला एवढंच की साध्या टेस्टरवर भरवसा ठेवू नका, तो थोड्या गळतीवरही पेटतो आणि कधी कधी हवा तेव्हा पेटत नाही. तीन-चारशेचा मल्टीमीटर गिग बॅगेत कायमचा ठेवा.

आणि हेड (अँपचा डबा) व कॅबिनेट (स्पीकरची पेटी) वेगळं घेणाऱ्यांसाठी, ८ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की ४ ओहम होतात, बरीच हेड ४ च्या खाली चालत नाहीत, त्यामुळे ४-४ ओहमच्या दोन पेट्या लावायच्या आधी मागचं लेबल वाचा. गिटारची केबल स्पीकरला लावायची नाही, आतली तार बारीक असते, तापते.

घाटमाथा_ग्रूव्ह:

सगळ्यांचे मनापासून आभार, जाऊन आलो. सांगितलेलं सगळं क्रमाने बघितलं, मालक आधी जरा वैतागला पण मग स्वतःच टॉर्च धरून उभा राहिला.

बेस: नेक थोडी पुढे वाकलेली होती, दोन कार्डं जात होती. त्याने अ‍ॅलन की आणली, पाव वळसा दिला आणि चहा होईपर्यंत फट कमी झाली. जी तारेवर सहाव्या फ्रेटला सूर जरासा लवकर विरतो पण मेलेला नाही. बॅटरीच्या क्लिपवर पांढरी पावडर होती, बोर्ड मात्र स्वच्छ. ट्रेबलचा नॉब खरखरतो. तारा काळ्या पडलेल्या.

अँप: तिसरी पिन कापलेली!! जाळी काढून कोन दाबला तर घासत नव्हता पण बी तार वाजवली की भर्रर्र. नको म्हणालो.

आता तो नुसता बेस २४ ला द्यायला तयार आहे. ऑर्केस्ट्राच्या मालकांशी बोललो, ते म्हणाले साउंड सगळीकडे मंडळाचाच असतो, म्हणजे ताईंचं बरोबर. पण प्रॅक्टिस हॉलवर काय करू? तिथे तर मिक्सर नाही, कीबोर्डवाल्याचा एक छोटा स्ट्रेंजरचा क्यूब अँप आहे फक्त.

खर्जवाला:

२४ जास्त नाही पण पाच तारांचा नवीन सेट अडीच-तीन हजारांचा, सेटअप हजार-पंधराशे, क्लिप आणि नॉब वेगळे, हे त्याला कागदावर मांडून दाखव आणि २१ म्हण, २२ वर थांबेल. जुन्या तारा टाकू नकोस, पाण्यात दहा मिनिटं उकळून, नीट पुसून वाळवून ठेव, मळ निघतो आणि काही आठवडे पुन्हा वाजतात, कार्यक्रमात तार तुटली तर त्यातली एक कामाला येते. नवीन सेट घेताना बी तार १३० गेजची (जाडीची) घे, १२५ ची जरा लुळी वाटते.

प्रॅक्टिसला तो क्यूब चालेल पण त्यात बेस आणि कीबोर्ड दोन्ही एकदम घालू नका आणि बासचा नॉब घड्याळातल्या बाराच्या (मधल्या खुणेच्या) पुढे नेऊ नका, छोटा स्पीकर आहे, फाटेल आणि कीबोर्डवाल्याशी वाकडं येईल ते वेगळंच. उरलेल्या पैशात डीआय आणि दोन केबल झाल्यावर दहा-बारा हजार हातात राहतील, ते तसेच ठेव. नवरात्रात चार पैसे मिळाले की पणजीवाल्यांनी सांगितलेला रंबल १०० शोध, दिवाळीनंतर बरेच लोक काढतात.

पणजी_लो_एंड:

हे पटलं. आणि बेस एसटीने नेणार असशील तर डिकीत टाकू नको, जाड गिग बॅग घे आणि उभा धर, हेडस्टॉक वर. टेम्पोत नेलास तर दुपारी बंद टेम्पोत ठेवून जेवायला जाऊ नका, मी तशा उन्हाने ब्रिजजवळचा गोंद सुटलेला अकूस्टिक पाहिलाय.

कन्सोलमागे:

कार्यक्रमाच्या दिवशी साउंड चेकला वेळेत ये एवढंच माझं मागणं. रात्री दहाला स्पीकर बंद करायचा नियम आहे, सरकारने बारापर्यंत सूट दिलेले दिवस वर्षात १५ च्या वर जात नाहीत, त्यामुळे सात वाजताचा कार्यक्रम आठला सुरू झाला की तुमचीच गाणी कापली जातात. आल्या आल्या मला बी तार, ई तार आणि तुझं सगळ्यात जोरात वाजणारं गाणं, या क्रमाने वाजवून दाखव, मी ४० च्या खालचं कापून, थोडा कंप्रेसर लावून देईन. आणि ९ व्होल्टची नवीन बॅटरी खिशात ठेव, माझ्याकडे मागितलीस तर माइकमधली काढून द्यावी लागेल.

घाटमाथा_ग्रूव्ह:

२२ ला झाला! क्लिप बदलून घेतली, तारा उकळून ठेवल्या. पहिली प्रॅक्टिस गुरुवारी, गायकाने आत्ताच फोन करून पहिली तीन गाणी काळी एकमधून सांगितलीत.